शनिवारच्या वर्गाविषयी वाचकांची पत्रे

गेल्या अंकात मी आमच्या गणिताच्या सरांविषयी लिहिले होते. महाविद्यालयातली नोकरी सांभाळून दर शनिवारी दुपारी गोव्यातल्या कोणत्या ना कोणत्या शाळेत जाऊन मुलांना गणित शिकवणारे, आणि निवृत्तीनंतरही तो क्रम न मोडणारे हे प्राध्यापक; त्यांच्यासोबत मी बरीच वर्षे हिंडलो आणि आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत म्हणून तो वर्ग मी चालवतो, एवढाच त्या लेखाचा विषय होता. त्यावर अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक पत्रे आली. सरांचे नाव छापावे असा आग्रह अनेकांनी धरला आहे. परंतु नाव न छापण्याच्या अटीवरच त्यांनी मला लिहू दिले होते, तेव्हा तो आग्रह मला मोडावा लागतो. केवळ कौतुकाची जी पत्रे होती ती मी त्यांच्याकडे पोचवली आहेत (आणि ती त्यांनी न उघडताच कपाटात ठेवली असावीत, असा माझा अंदाज आहे). उरलेल्यांपैकी काही प्रश्न येथे घेतो.

प्रश्न : माझी मुलगी चौथीपर्यंत मराठी शाळेत होती आणि गणितात ती वर्गात पुढे असे. यंदा पाचवीत इंग्रजी माध्यम सुरू झाल्यापासून ती गणिताच्या तासाला गप्प बसते. पहिल्या चाचणीत तिला निम्मेही गुण मिळाले नाहीत. तिचे गणित कच्चे झाले की इंग्रजी कच्चे आहे? शिकवणी लावावी का?
— एक आई, डिचोली

उत्तर : आपल्या पत्रातल्या मजकुराचे पत्र मला दरवर्षी पावसाळ्यात येते, कारण गोव्यात मराठी किंवा कोकणी प्राथमिक शाळेतून आलेली मुले जूनमध्ये पाचवीत बसतात आणि बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी गणिताची भाषा बदलते. चौथीपर्यंत ज्याला ती ‘अंश’ आणि ‘छेद’ म्हणत होती, ते एका रात्रीत ‘न्यूमरेटर’ आणि ‘डिनॉमिनेटर’ झाले. यात नुसती शब्दांची अदलाबदल झालेली नाही. छेद म्हणजे कापणे हे मराठी मुलीला कोणी शिकवावे लागत नाही. कशाचे किती तुकडे केले ते छेद सांगतो आणि त्यातले किती घेतले ते अंश सांगतो, हे शब्दांतच उघड आहे. इंग्रजी शब्द तिच्यापुढे येतात ते मात्र मुक्या खुणांसारखे, आणि मग कोणता वर, कोणता खाली हे तिला पाठ करावे लागते. जे कालपर्यंत समजत होते ते आज पाठ करावे लागले की हुशार मूल सर्वांत आधी गप्प होते, कारण न समजता बोलण्याची त्याला सवय नसते.

संख्यांची नावे हा दुसरा अडसर आहे. मराठीत आपण ‘सत्तावीस’ म्हणतो तेव्हा सात आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. इंग्रजीत वीस आधी येतात. ‘एकोणतीस’ हा तर आणखी निराळा प्रकार, त्यात तिसांतून एक वजा केलेला आहे. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे आपल्याला आठवत असेल. त्या वेळी त्या पुस्तकाच्या गणित समितीच्या प्रमुख असलेल्या गणितज्ञ मंगला नारळीकर मुलांची अडचण शांतपणे समजावून सांगत होत्या आणि बाकीचे विनोद करत होते. मला स्वतःला ‘सत्तावीस’ सोडवत नाही. पण मुलाला २७ च्या जागी ७२ लिहिताना पाहिले की नारळीकर बाईंचे म्हणणे थट्टेवारी नेण्यासारखे नव्हते, हे पटते.

सरांची रीत अशी होती की, पाचवीच्या वर्गात पहिल्या शनिवारी ते एकही शब्द न लिहिता फळ्यावर फक्त आकृत्या काढत. एक आयत, त्याचे आठ भाग, त्यांतले तीन रंगवलेले. शेजारी तेवढाच दुसरा आयत, त्याचे चार भाग, एक रंगवलेला. मग विचारत, ‘कोणत्यात रंग जास्त?’ उत्तर मराठीत द्या, कोकणीत द्या, नुसते बोट दाखवा, सगळे चालत असे. ज्या मुली तीन आठवडे तोंड उघडत नव्हत्या त्या तेथे बोलत्या होत, आणि वर्गशिक्षिकेला कळे की गणित जागच्या जागी आहे. हे आपण घरीही करून पाहा. मुलीने उत्तर बरोबर आणले असले तरी ‘हे कसे आले ते मला मराठीत सांग’ असे रोज एकदा म्हणा. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखून डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी संज्ञा तिला स्वतःला लिहू द्या. लसावि, मसावि, परिमिती, क्षेत्रफळ असे पन्नासएक शब्द झाले की पाचवी पार पडते. शिकवणी मात्र दिवाळीपर्यंत लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकवणीत तिला तेच मुके शब्द दुप्पट वेगाने ऐकावे लागतील.

प्रश्न : मी एका महाविद्यालयात गणिताचा साहाय्यक प्राध्यापक आहे. आपला लेख वाचून मलाही शाळांमध्ये जावेसे वाटले. परंतु सहकारी म्हणतात की हा वेळ संशोधनाला दिला तर बढतीसाठी उपयोगी पडेल, शाळेत जाऊन काय मिळणार? खरोखर काय मिळते?
— एक तरुण प्राध्यापक, केपे

उत्तर : सहकाऱ्यांचा हिशेब चुकीचा नाही, तो आधी मान्य करू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार साहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. त्यात तयारी, पेपर तपासणी, प्रवेशाची कामे आणि समित्यांच्या बैठका धरल्या की शनिवार दुपारखेरीज हातात फारसे काही उरत नाही. ती दुपारही देऊन टाकायची, तर कशासाठी, हा प्रश्न विचारायलाच हवा.

सरांनी मला त्यांच्या पहिल्या शनिवारची हकिकत पुष्कळदा सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी ती सांगताना ते स्वतःवरच हसतात. तेव्हा ते आपल्याच वयाचे होते. आठवीच्या मुलांना गणिताची गोडी लावायची म्हणून त्यांनी अनंत संचांविषयी चाळीस मिनिटे व्याख्यान दिले: सम संख्या आणि सगळ्या नैसर्गिक संख्या ‘तितक्याच’ कशा, हे एकास एक संगतीने दाखवले. वर्ग अगदी शांत होता, त्यामुळे विषय रंगला असे त्यांना वाटले. शेवटी त्यांनी विचारले, ‘काही शंका?’ एका मुलाने हात वर केला आणि म्हणाला, ‘सर, फळा पुसू? पुढचा तास समाजशास्त्राचा आहे.’

पुढच्या शनिवारी ते रिकाम्या हाताने गेले आणि त्यांनी फळ्यावर फक्त दोन संख्या लिहिल्या, ०.३ आणि ०.१२. मोठी कोणती? जवळजवळ सगळा वर्ग ०.१२ म्हणाला. का, तर बारा तिनांपेक्षा मोठे. हे उत्तर चूक आहे, पण मूर्खपणाचे नाही. चार वर्षे पूर्ण संख्यांवर जो नियम चालला तोच मुलांनी प्रामाणिकपणे पुढे चालवला होता. ‘दशांश चिन्हानंतर शून्य जोडून अंक सारखे करा’ ही युक्ती सांगितली असती तर पाच मिनिटांत सगळ्यांचे उत्तर बरोबर आले असते आणि समज होती तेथेच राहिली असती. ती युक्ती न सांगता सर त्या एका प्रश्नापाशी तीन शनिवार थांबले. रुपये-पैशांनी समजावण्याचा मार्ग तेव्हा उपलब्ध होता. आज मी तो वर्ग घेतो तेव्हा तोही बंद झालेला आहे, कारण पंचवीस पैशांचे नाणे २०११ साली चलनातून गेले आणि माझ्यासमोरच्या मुलांनी पैसा पाहिलेलाच नाही. मी शिंप्याची टेप नेतो. मीटरचे दहा भाग, त्यांतले तीन. मीटरचे शंभर भाग, त्यांतले बारा. टेपवर बोट ठेवले की वाद आपोआप मिटतो, आणि मुख्य म्हणजे तो मुलेच मिटवतात.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर. त्याच वर्षी सर महाविद्यालयात प्रथम वर्षाला श्रेढीची सीमा शिकवत होते. ०.९९९… ही संख्या एकाएवढीच आहे, हे विद्यार्थी परीक्षेत लिहीत, पण मनातून कोणालाच पटलेले नसे. ‘थोडीशी कमी असणारच’ असे ते खासगीत म्हणत. सरांच्या ध्यानात आले की समोर बसलेली मुले ही त्या ०.१२ वाल्या आठवीचीच वाढलेली रूपे आहेत, फक्त मधल्या काळात त्यांनी युक्त्या पाठ केल्या आहेत. त्या वर्षापासून त्यांनी सीमेची व्याख्या पहिल्या तासाला देणे सोडून दिले. आधी एक तृतीयांश दशांशात लिहा, मग त्याची तिप्पट करा, आणि जे समोर दिसते त्यावर भांडा, व्याख्या भांडणानंतर. त्यांच्या हाताखाली शिकलेला मी त्या भांडणाचा साक्षीदार आहे, आणि गणिताच्या व्याख्या कोणाच्या तरी अडचणीतून जन्मतात ही गोष्ट मला तेथे पहिल्यांदा कळली. सरांना शाळेने जे दिले ते हे. बढतीच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

व्यवहाराचे म्हणाल तर, प्रबंध अपुरा असेल तर तो आधी पुरा करा. सरांनीही पहाटेचे दोन तास स्वतःच्या गणितासाठी राखले होते आणि त्या तासांवर त्यांनी शाळांनाच काय, घरच्यांनाही हात लावू दिला नाही. मग महिन्यातला एकच शनिवार आणि एकच शाळा घ्या, परंतु वर्षभर तीच. दहा शाळांना एकेकदा भेट देणाऱ्या प्राध्यापकाला शाल-श्रीफळ दहा वेळा मिळते आणि मुलांचे एकही चुकलेले उत्तर नीट ऐकायला मिळत नाही. तृतीय वर्षाचे दोन विद्यार्थी सोबत न्या. आणि एक वही ठेवा, तिच्यात फक्त मुलांची चुकलेली उत्तरे, त्यांच्याच शब्दांत. सरांच्या अशा अकरा वह्या माझ्याकडे आहेत.

प्रश्न : मुलांनी वर्गात भरती-ओहोटीचे गणित केले, असा उल्लेख आपल्या लेखात होता. आमच्या घरात तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढत असत. ती रीत शास्त्रशुद्ध आहे की नुसता ठोकताळा?
— एक निवृत्त वाचक, पेडणे

उत्तर : दोन्ही आहे, आणि ही रीत वर्गात आली ती आपल्यासारख्याच एका घरातून. किनाऱ्यालगतच्या एका शाळेत मी पाऊणकी म्हणजे काय हे विचारले तेव्हा कोणालाच सांगता आले नाही. निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे आता घरांतूनही गेले. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र म्हणाला, ‘आमचे आजोबा चार पाऊण तीन म्हणतात आणि रापण ओढायला जातात.’ (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे.) म्हणजे चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, आणि पूर्ण भरती तीनच्या सुमारास. त्या दिवशी मी नेलेला धडा पिशवीतच राहिला.

मुलांनी मग हे तपासले. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तीस तिथी होतात, आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ रोज पुढे सरकत सरकत घड्याळाचे पूर्ण चोवीस तास पार करते. म्हणून एका तिथीमागे चोवीस तासांचा तिसावा भाग, म्हणजे ४८ मिनिटे, इतका उशीर झाला पाहिजे. आजोबा पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटे धरतात. दर तिथीला तीन मिनिटांची चूक होते. चतुर्थीला ती बारा मिनिटे आहे: आजोबांचे उत्तर तीन, हिशेबाचे उत्तर तीन वाजून बारा मिनिटे. अष्टमीला सहा आणि सहा चोवीस. पौर्णिमेला ती ४५ मिनिटांवर जाते. एका मुलीला येथे शंका आली की अशीच चूक साचत गेली तर वर्षाअखेर आजोबा भरतीच्या वेळी ओहोटी सांगतील. खरे तर हाच या रीतीचा सर्वांत सुंदर भाग आहे. तिथी पंधरापुढे मोजतच नाहीत. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदा येते आणि मोजणी एकापासून सुरू होते. तिथीमागे ४८ मिनिटे याप्रमाणे पंधरा तिथींचे बरोबर बारा तास होतात, भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून पौर्णिमेला घड्याळ पुन्हा अमावास्येच्याच जागी असते. साचलेली चूक दर पंधरवड्याला पुसली जाते.

४८ मिनिटे म्हणजे तासाचे चार पंचमांश; त्यांच्याऐवजी तीन चतुर्थांश का घेतले असावे? कारण पाऊणकीचा पाढा सगळ्यांना तोंडपाठ होता आणि चार पंचमांशाचा पाढा कोणालाच नव्हता, असे मला वाटते. होडी लोटायला एवढी चूक चालते. आपण करून पाहणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ही रीत अमावास्येची भरती बारा वाजता धरते, ते मुंबईकडे साधारण जुळते. आपल्या किनाऱ्यावर पाणी त्याच्या थोडे आधी चढते, आणि मांडवीतून वर खाजनांच्या (बांध घातलेल्या खाऱ्या शेतांच्या) मानशीपर्यंत, म्हणजे पाण्याच्या दारापर्यंत, पोचायला त्याला पुन्हा वेळ लागतो. दुसरे असे की चंद्राची गती रोज सारखी नसते आणि सूर्यही पाणी ओढतो, त्यामुळे विशेषतः भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती लहान असते तेव्हा) प्रत्यक्ष वेळ हिशेबाशी फटकून वागते. मुलांनी महिनाभर वेळा टिपल्या तेव्हा त्यांना हे दिसले आणि आजोबा चुकले म्हणून काही जण खूश झाले. आजोबांना विचारल्यावर ते म्हणाले, ‘भांगाला कोण पाऊणकी करतो? तेव्हा खडकाकडे बघायचे.’

प्रश्न : दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्याचे मोठे गणिती. त्यांच्या नावाने पणजीत विचार महोत्सवही होतो. त्यांचे गणित शाळेतल्या मुलांना काही दाखवता येईल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : येईल, मात्र त्यांना शाळाशाळांतून हिंडणारे शिक्षक म्हणून रंगवण्याचा मोह आपण टाळू या; त्यांचे मोठेपण वेगळ्या जागी आहे. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात जन्म, वडील धर्मानंद सांखवाळचे, हार्वर्डमधून १९२९ साली पदवी, बनारस आणि अलीगढ येथे काही काळ अध्यापन, १९३३ पासून पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, आणि पुढे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. भूमितीतले त्यांचे संशोधन आठवीपुढे मांडण्यासारखे नाही. पण नाण्यांवरचे त्यांचे काम आहे. तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत नाणी त्यांनी एकेक करून तोलली. नाणे हातोहात फिरताना किंचित झिजते. म्हणून अधिक काळ फिरलेल्या गटाचे सरासरी वजन कमी भरते आणि त्या गटातल्या नाण्यांच्या वजनांत फरकही अधिक पडतो. ज्या नाण्यांवर ना साल ना राजाचे नाव, त्यांचा कालक्रम त्यांनी अशा रीतीने काट्यावर लावला.

हे ऐकून सरांना राहवले नाही. एका सोनाराकडून काटा मागून आणला आणि मुलांना घरून एक रुपयाची नाणी आणायला सांगितली. वर्षावार गट केले, वजने केली, फळ्यावर आलेख काढला आणि निष्कर्ष एका मुलीने वाचून दाखवला : ‘नाणी जुनी होतात तशी जड होतात.’ कोसंबींच्या बरोबर उलट! झाले होते असे की १९९२ पासूनचे पोलादी नाणे ४.८५ ग्रॅमचे होते आणि २०११ नंतर आलेले ३.७९ ग्रॅमचे, पाऊण-एक शतांश ग्रॅमची झीज शोधायला बसलेल्या वर्गाला टांकसाळीने बदललेला साचा सापडला होता. सर म्हणाले की आजचा तास यशस्वी झाला, कारण ‘आधी एकाच साच्याची नाणी वेगळी काढा’ हे वाक्य आता शिक्षकाला उच्चारावे लागणार नाही. पुढच्या शनिवारी मुलांनी ती स्वतःच वेगळी काढून आणली. झीज त्या काट्यावर दिसलीच नाही, कारण पोलाद चांदीसारखे झिजत नाही आणि काटाही तेवढा बारीक नव्हता. तेही वहीत लिहून ठेवले आहे.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मला गणितच शिकायचे आहे. पण घरचे आणि शिक्षक अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी कर म्हणतात. गणिताचा मार्ग कोठून जातो?
— एक विद्यार्थी, वाळपई

उत्तर : तू अकरावीत आहेस, म्हणजे गणित ऑलिंपियाड या शालेय विद्यार्थ्यांच्या स्पर्धेची पहिली पायरी, आयओक्यूएम ही परीक्षा, अजून तुझ्या हातात आहे. तिच्यापुढे विभागीय आणि मग राष्ट्रीय परीक्षा, आणि तेथून निवडलेल्या मुलांचे शिबिर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडून होते. भारताचा संघ आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडला १९८९ पासून जातो. निवड झाली नाही तरी जुने प्रश्न सोडव, कारण एका प्रश्नाला तीन दिवस देण्याची सवय दुसरीकडे लागत नाही. बारावीनंतर भारतीय सांख्यिकी संस्थेचा बेंगळूरूचा गणिताचा किंवा कोलकात्याचा सांख्यिकीचा अभ्यासक्रम, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि पुण्यासारख्या ठिकाणच्या आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) या संस्था आहेत. त्यांच्या प्रवेशाची तयारी अभियांत्रिकीच्या तयारीशी बरीचशी जुळते, तेव्हा घरी भांडण काढण्याची घाई करू नकोस.

यांपैकी कोठेही प्रवेश मिळाला नाही तर गोव्यातच बीएस्सी कर, आणि हे मी समजूत घालण्यासाठी लिहीत नाही. प्राध्यापक कुमरेसन यांनी १९९३ साली सुरू केलेले एमटीटीएस हे उन्हाळी शिबिर नेमके अशा मुलांसाठी आहे. चार आठवडे तेथे व्याख्यान फार कमी होते, प्रश्न फार विचारले जातात, आणि उत्तर चुकले म्हणून कोणी खाली बसवत नाही. माझे तीन विद्यार्थी तेथून परतल्यावर माझ्याच तासाला मला अडवू लागले, यावरून त्या शिबिराचा दर्जा मला कळला. पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धाही आहे. तिच्यात तर्क लिहून दाखवावा लागतो.

प्रश्न : वैदिक गणिताचे वर्ग लावल्यास मुलाचे गणित सुधारेल का?
— एक पालक, म्हापसा

उत्तर : गुणाकार भराभर होईल. ९८ गुणिले ९७ तो चुटकीसरशी सांगेल. ती युक्ती का चालते हे वर्गात सांगत असतील तर लावा, सांगत नसतील तर तेवढ्या पैशात त्याला टेप, काटा आणि आलेखाची वही घेऊन द्या.

प्रश्न : मी सातवीत आहे. तुम्ही आमच्या शाळेत कापरेकरांची गंमत सांगितली होती. चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, परत परत केले की ६१७४ येते. मी २१११ घेतले. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. मग ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य. कापरेकर चुकले का?
— एक विद्यार्थिनी, काणकोण

उत्तर : तुझे पत्र मी सरांना वाचून दाखवले. ते पुन्हा एकदा वाचायला सांगून त्यांनी स्वतः कागद-पेन्सिल घेतली. तुझी वजाबाकी बिनचूक आहे, आणि चूक असेल तर ती माझी आहे, कारण खेळाचा एक नियम मी वर्गात सांगायला विसरलो. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांनी हा खेळ शोधला तो चार जागांचा. म्हणून ९९९ आले की त्याच्या पुढची रिकामी जागा शून्याने भरायची, ते ०९९९ होते. आता उतरत्या क्रमाने ९९९०, चढत्या क्रमाने ०९९९. वजाबाकी ८९९१. पुढे ९९८१ वजा १८९९ म्हणजे ८०८२. मग ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पाच वजाबाक्या झाल्या. चारही अंक सारखे नसतील तर सातांपेक्षा जास्त कधी लागत नाहीत.

पण तू विचारलेस ते योग्य जागी विचारलेस. शून्य लिहायचे की नाही, एवढ्यावर सगळा खेळ पालटतो. सरांनी तुझ्यासाठी एक काम दिले आहे. हाच खेळ दोन अंकी संख्यांवर खेळून बघ, आणि ९ आले तर ०९ लिही. शेवटी एकच संख्या येते का, की दुसरेच काही घडते, ते पाहा आणि जे घडेल ते पोस्टकार्डावर कळव. तीन अंकी संख्यांचे मी तुला सांगत नाही. सरांनी मना केले आहे.